सेल्फवर आलेला आळ : सकाळी उशिरा सुरू होणाऱ्या एका सीएनजी गाडीचे निदान

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील आमच्या गॅरेजात गेल्या जुलैमध्ये आलेल्या एका गाडीचे हे प्रकरण आहे. गाडी २०१४ सालची, चार सिलिंडरची, बाराशे सीसीच्या आतबाहेरची पेट्रोल हॅचबॅक; चार वर्षे पेट्रोलवर चालवल्यानंतर तिला बाहेरून सीक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस देणारे) सीएनजी किट बसवून घेतलेले. मालक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, घोडबंदर रोडला कासारवडवलीकडे राहणारे. त्यांची तक्रार मी नोंदवहीत त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतली होती : ‘सकाळी सेल्फ खूप मारावा लागतो.’ या एका वाक्यापायी त्यांच्या खिशाला आधीच बरीच चाट बसली होती.

आमच्याकडे येण्यापूर्वीच्या पाच-सहा महिन्यांत दुसऱ्या एका गॅरेजात गाडीला नवी बॅटरी बसवली गेली होती, चारही स्पार्क प्लग बदलले गेले होते आणि शेवटी सेल्फ उतरवून त्याचे कार्बन ब्रश व बुश नवे टाकण्यात आले होते. प्रत्येक कामानंतर चार-आठ दिवस गाडीत फरक वाटे आणि मग पहिले पाढे पंचावन्न. जुनी बॅटरी साडेचार वर्षांची होती, त्यामुळे ती बदलणे फारसे चुकले असे मी म्हणणार नाही. आज ना उद्या ती जाणारच होती. प्लगचेही तसेच. सेल्फ मात्र विनाकारण खोलला गेला होता, आणि त्याला त्या गॅरेजवाल्याच्या अज्ञानापेक्षा तक्रारीतला शब्द जास्त कारणीभूत होता असे माझे मत आहे.

मराठीत आपण ‘सेल्फ’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. सेल्फ म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, आणि ‘सेल्फ मारणे’ म्हणजे गाडी सुरू करण्यासाठी चावी फिरवून धरण्याची क्रिया. गिऱ्हाईक दुसऱ्या अर्थाने बोलते आणि मेकॅनिक पहिल्या अर्थाने ऐकतो. ‘सेल्फ खूप मारावा लागतो’ याचा अर्थ सेल्फ नीट फिरत नाही असा होत नाही. उलट, सात-सात सेकंद एका दमात फिरणारा सेल्फ आणि त्याला तेवढा वेळ वीज पुरवणारी बॅटरी ही दोन्ही बहुधा ठणठणीत असतात. गाडी सुरू व्हायला त्रास देते या तक्रारीत निदान तीन वेगवेगळे आजार दडलेले असतात : चावी फिरवल्यावर टक् असा आवाज होऊन इंजिन फिरतच नाही हा एक, ते फिरते पण कुंथत, रडत फिरते हा दुसरा, आणि झपाझप फिरते पण पेट घेत नाही हा तिसरा. पहिल्या दोहोंत बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग (इंजिनाकडून बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी विजेची परतीची वाट), सोलेनॉइड (सेल्फला वीज जोडणारा खटका) आणि सेल्फ यांच्याकडे पाहावे लागते. तिसऱ्यात इंधन, ठिणगी, सेन्सर आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा दाबली जाणे) यांच्याकडे. फोनवर किंवा काउंटरवर हा फरक कळत नाही, तो कानांनी ऐकावा लागतो.

आणि ऐकण्यात खरी अडचण तिथेच होती. कासारवडवलीहून वागळे इस्टेटपर्यंत घोडबंदर रोडच्या गर्दीतून गाडी आली की इंजिन चांगले तापलेले असते, आणि काकांनी आमच्या दारात चावी बंद करून पुन्हा फिरवली तेव्हा एका सेकंदात गाडी सुरू झाली. तिथे ते थोडे खजील झाले, जणू डॉक्टरांसमोर येताच दुखणे थांबलेला रोगी. “अहो, खरंच सांगतो, सकाळी असं नसतं,” असे ते दोनदा म्हणाले. सकाळची तक्रार असलेली गाडी दुपारी तपासून काही निष्पन्न होत नाही, म्हणून मी त्यांना गाडी रात्रभर गॅरेजात ठेवून जायला सांगितले. जागेची टंचाई असलेल्या गॅरेजवाल्याला हे सोपे नसते आणि गिऱ्हाइकालाही रिक्षाने घरी जाणे जिवावर येते. बॅटरी बदलून मोकळे होण्याकडे दोघांचाही कल का असतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

त्यापूर्वी मी काकांना आणि सोबत आलेल्या काकूंना काही प्रश्न विचारले. गाडी सुरू झाल्यावर थरथरते का, मागून काळा धूर किंवा पेट्रोलचा वास येतो का, चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवर चावीचे चित्र लुकलुकत राहते का, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा चावी ओळखायला नकार देते का. तिन्हींना उत्तर नाही असे आले. मग मी विचारले की हे फक्त सकाळीच होते का. काका हो म्हणाले. काकूंनी त्यांना अडवले. मे महिन्यात एका लग्नाला गाडी भर उन्हात चार तास उभी होती आणि परत निघताना तिने असाच त्रास दिला होता. उलट, कौपिनेश्वराच्या देवळात जाऊन अर्ध्या तासाने परत आले की ती लगेच सुरू होते. या एका आठवणीने माझे अर्धे काम केले. मे महिन्यात उन्हात चार तास उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन कोमटच असणार, म्हणजे त्रास थंडपणाचा नव्हता. थंडीत तेल घट्ट होते, बॅटरी मंदावते, कूलंट तापमानाचा सेन्सर चुकीचे तापमान सांगत असेल तर पेट्रोलचे प्रमाण बिघडते, ही सारी कारणे इंजिनाच्या तापमानाशी बांधलेली आहेत. इथे त्रास बांधलेला होता तो गाडी किती वेळ उभी राहिली याच्याशी. उभ्या गाडीत वेळेबरोबर काहीतरी झिरपून, गळून किंवा उतरून जात होते.

ते बॅटरीतली वीज असू शकते, किंवा पाइपातले पेट्रोल.

पहिली सकाळ

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात वाजता, म्हणजे गाडी सुमारे चौदा तास उभी राहिल्यावर, आम्ही बॉनेट उघडले. चावीला हात लावण्याआधी बॅटरीवर मीटर लावला, आकडा १२.५६ व्होल्ट. बारा व्होल्टची शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली असताना, काही तास विश्रांतीनंतर, साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते आणि १२.२ च्या आसपास ती अर्धी रिकामी झालेली असते. तेव्हा रात्रभरात वीज गळून जात नव्हती हे तिथेच स्पष्ट झाले. स्कॅनर लावून कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहिले. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे दोन आकडे जवळजवळ सारखे असायला हवेत, कारण सारे इंजिन बाहेरच्या हवेइतके निवलेले असते. दोन्ही २७ अंश होते. सेन्सरची ही तपासणी फुकट असते आणि अर्ध्या मिनिटात होते, तरी ती केलेली मला क्वचित आढळते. गाडीच्या संगणकात कोणताही दोषसंकेत नोंदलेला नव्हता.

मग आमच्या शिकाऊ पोराने चावी फिरवली आणि मी मीटरकडे पाहत कान देऊन उभा राहिलो. इंजिन चांगले फिरत होते. स्कॅनरवर मिनिटाला २१० ते २२० फेरे दिसत होते, म्हणजे इंजिनाचे फेरे मोजणारा क्रँक सेन्सरही आपला संकेत संगणकाला देत होता. क्लॅम्प मीटरवर सेल्फ सुमारे १३० अँपिअर ओढत होता, या आकाराच्या इंजिनाला ते जास्त नाही. बॅटरी १०.३ व्होल्टपर्यंत उतरली. सेल्फ फिरताना ती ९.६ च्या खाली गेली तर बॅटरीवर संशय घ्यायचा असा आमचा ठोकताळा आहे. सातव्या सेकंदाला इंजिनाने पेट घेतला, एखादा सेकंद चाचरले आणि मग गुळगुळीत चालू लागले. अल्टरनेटर १४.२ व्होल्ट देत होता.

याच वेळी आणखी एक आकडा पाहून ठेवला होता. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून सेल्फ मारला असता तिथे ०.४६ व्होल्ट दिसले. हे ०.२ च्या आत असायला हवे. खाली वाकून पाहिले तर गिअरबॉक्सच्या बोल्टवर आवळलेल्या अर्थिंगच्या पट्टीच्या टोकाला पांढरट-हिरवी भुकटी धरली होती. बोट फिरवले तर ती खडीसाखरेच्या चुऱ्यासारखी गळून पडली. खाडीकडचा दमट वारा आणि त्यात पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाणारी गाडी, मग दुसरे काय होणार. मी उठलो आणि पोराला म्हणालो, “सापडलं.” तो पाना शोधायला गेला, दोन पावलांवर थांबला आणि म्हणाला, “पण दादा, अर्थिंग तर दुपारीपण तीच असते. मग दुपारी लगेच स्टार्ट कशी होते?”

पंचवीस वर्षे या धंद्यात काढूनही सापडलेल्या पहिल्या दोषावर झडप घालण्याची माझी खोड गेलेली नाही. पोराचे म्हणणे बिनतोड होते. अर्थिंग खराब हा खरा दोष होता, तो काढायलाच हवा होता. पण काकांच्या तक्रारीचे कारण तो असू शकत नव्हता, कारण त्या दोषाला गाडी किती वेळ उभी होती हे कळत नाही. पट्टीचे टोक आणि बोल्टखालची जागा घासून चकचकीत केली, आवळली आणि वरून थोडे व्हॅसलीन लावले. आकडा ०.०८ वर आला. सेल्फचा आवाज आता जरा जास्त खणखणीत झाला. आधीच्या गॅरेजात बॅटरी आणि सेल्फच्या कामानंतर चार दिवस बरे का वाटत असे, याचेही उत्तर बहुधा यातच होते : टर्मिनल खोलून पुन्हा आवळले गेले की इंजिन थोडे जोरात फिरते, सात सेकंदांचे पाच होतात, आणि ज्याला फरक हवा असतो त्याला तो जाणवतो.

काकूंची वही

इथून पुढची प्रत्येक चाचणी एक रात्र मागत होती. दिवसातून एकदाच मिळणारी परीक्षा असल्यामुळे एका सकाळी एकच गोष्ट बदलून पाहणे भाग होते. दोन बदलल्या असत्या तर कोणत्या बदलाने फरक पडला हे कळले नसते. गाडी आठवडाभर अडकवून ठेवण्याऐवजी मी ती काकांना परत दिली आणि पुढच्या चाचण्या त्यांच्या इमारतीच्या पोडियमवर, त्यांच्याच हातून करून घ्यायच्या ठरवल्या. काका चावी फिरवणार आणि काकू मोबाइलवर सेकंद मोजून लिहून ठेवणार. गिऱ्हाइकाला असे काम सांगणे बऱ्याच जणांना आवडत नाही. माझा अनुभव असा की ज्याची गाडी असते तो आकड्यांत हयगय करत नाही.

बुधवारी, अर्थिंग दुरुस्त होऊन रात्रभर उभ्या गाडीने सहा सेकंद घेतले. पोराची शंका खरी ठरली.

गुरुवारी मी त्यांना सेल्फ मारण्यापूर्वी चावी नुसती ऑन करायला सांगितली. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाचा गुणगुणल्यासारखा आवाज सुमारे दोन सेकंद येतो आणि थांबतो. इंजिन फिरण्याआधी पाइपात दाब भरून ठेवण्यासाठी गाडीचा संगणक पंपाला तेवढा वेळ चालवतो. आवाज थांबला की चावी बंद करायची, दहा सेकंद थांबायचे, पुन्हा ऑन करायची, असे तीनदा करून चौथ्या वेळी सेल्फ मारायचा. काकूंच्या वहीत त्या दिवशीची नोंद ‘१ से.’ अशी होती आणि तिच्याखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या.

शुक्रवारची चाचणी मला स्वतःला सर्वांत आवडते, कारण ती फक्त सीएनजीसारख्या दोन इंधनांच्या गाडीतच करता येते आणि तिला एक पैसाही लागत नाही. अशा किटमध्ये गाडी सुरू पेट्रोलवर होते आणि इंजिन ठरावीक तापमानाला पोचले की आपोआप गॅसवर जाते. पण पेट्रोल संपल्यास अडकून पडू नये म्हणून बऱ्याच किटमध्ये पेट्रोल-गॅसचे बटण दाबून धरत चावी ऑन केल्यास थेट गॅसवर सुरू करण्याची सोय ठेवलेली असते. रात्रभर उभी असलेली तीच गाडी, तीच बॅटरी, तोच सेल्फ, तेच प्लग आणि कॉइल, तेच कॉम्प्रेशन. बदलले ते फक्त इंधन. गॅसवर ती एका सेकंदात सुरू झाली. ज्या वस्तूंवर आजवर पैसे खर्च झाले होते त्या साऱ्या एका सकाळीत निर्दोष सुटल्या आणि संशय पेट्रोलच्या टाकीपासून इंजेक्टरपर्यंतच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोंडापर्यंतच्या, वाटेवर येऊन थांबला.

शनिवारी काहीच करायचे नव्हते. नेहमीसारखी चावी फिरवायची. काकांना हे पटले नाही. “कळलं ना आता, मग परत कशाला?” असे त्यांनी फोनवर विचारले. दोन दिवस गाडी चटकन सुरू झाली ती चाचण्यांमुळे, की दोष आपोआप नाहीसा झाल्यामुळे, हे ठरवायला काही न करण्याची एक सकाळ लागते. सात सेकंद लागले. दोष शाबूत होता. त्याच दिवशी काकूंनी मी न सांगता दुपारी तीन मोजमापे घेतली : अर्ध्या तासाने १ सेकंद, दोन तासांनी ३, चार तासांनी ५. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलांपैकी फार थोड्यांना हे आपणहून सुचले असते.

दाब कुठून जातो

इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत टाकीच्या आत बुडवलेला विजेचा पंप पेट्रोल सुमारे तीन बारच्या दाबाने पुढे ढकलतो. गॅरेजात आम्ही त्याला ‘तीन किलो’ म्हणतो. गाडी बंद केल्यावरही हा दाब बराच वेळ टिकावा म्हणून पंपाच्या तोंडाशी एकेरी झडप असते. ती पेट्रोलला पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. ही झडप नीट बसेनाशी झाली की दाब आधी भराभर उतरतो, आणि त्यानंतर पाइपातले पेट्रोलही हळूहळू टाकीत परतते व त्याची जागा वाफ घेते. दाब शून्य होणे आणि पाइप रिकामा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि काकूंच्या आकड्यांचा उलगडा यातच होता. अर्ध्या तासानंतर दाब गेलेला असला तरी पाइप भरलेला असतो, त्यामुळे पंपाचे सुरुवातीचे दोन सेकंद दाब पुन्हा उभा करायला पुरतात. चार तासांनंतर किंवा रात्रभराने रिकामा पाइप भरण्यातच ते दोन सेकंद संपतात, आणि उरलेले काम सेल्फ फिरत असताना होते.

मात्र दाब जाण्याची वाट ही एकच नसते. एखादा इंजेक्टर ठिबकत असेल तर पेट्रोल सिलिंडरमध्ये उतरते. दाब स्थिर ठेवणारा रेग्युलेटर गळत असेल तर ते टाकीत परतते. पाइपाचा जोड सैल असेल तर बाहेर येते. ठिबकणाऱ्या इंजेक्टरविरुद्ध दोन साक्षी होत्या : सुरू होताना धूर किंवा पेट्रोलचा वास नव्हता, आणि तीनदा चावी ऑन केल्याने गाडी सुधारली होती, इंजेक्टर ठिबकत असते तर सिलिंडरात आणखी पेट्रोल उतरून ती बिघडली असती. तरीही मोजल्याशिवाय टाकी उघडायची माझी तयारी नव्हती.

सोमवारी गाडी पुन्हा आली. सीएनजी सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद केला, इंजिन पेट्रोलवर चालू ठेवून पंपाचा फ्यूज काढला आणि ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबलो, म्हणजे पाइपातला दाब उतरला. मग बॅटरीची निगेटिव्ह सोडली. अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवले आणि शेजारच्या वेल्डिंगवाल्याला अर्धा तास थांबायची विनंती केली. या तयारीला कामापेक्षा जास्त वेळ लागला, आणि तो लागू द्यावा. या गाडीच्या रेलवर (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर) गेज लावायला तयार तोंड नव्हते, म्हणून टाकीकडून येणारा पाइप आणि रेल यांच्या मधे दोन्ही बाजूंना कॉक असलेली टी (तीन तोंडांचा जोड) जोडली आणि तिच्यावर गेज बसवला. रबरी नळी पकडीने दाबून हीच चाचणी करणारे बरेच आहेत, पण आजकाल बहुतेक पाइप कडक प्लॅस्टिकचे असतात; पकड लागली की ते तडकतात आणि नवे दुखणे सुरू होते.

बॅटरी परत जोडून, फ्यूज लावून पंप चालवला. गेजचा काटा ३.० बारवर गेला, म्हणजे पंपाची मोटर सशक्त होती. पंप थांबवला. पाच मिनिटांनी १.९, वीस मिनिटांनी ०.६, पाऊण तासाने शून्य. पुन्हा दाब भरला आणि या वेळी पंप थांबताच टाकीकडचा कॉक बंद केला. काटा २.९ वर बसला आणि पाऊण तासाने २.८ दाखवत होता. इंजेक्टर निर्दोष सुटले. तिसऱ्यांदा रेलकडचा कॉक बंद करून टाकीकडचा उघडा ठेवला, तर काटा पहिल्यासारखाच घसरत गेला. गाडीखालून पाइप पुसत टाकीपर्यंत गेलो. कुठे ओल नाही, वास नाही. गळती टाकीच्या आतच होती.

मागची सीट उचलून पत्र्याचे झाकण काढले तेव्हा आधी आली ती तीन बोटे धूळ, तिच्यात एक रबरबँड आणि जुन्या टोलची पावती. ती झाडून काढल्याशिवाय पंपाची कडी फिरवायची नसते, कारण तो सारा केर टाकीत जातो. पंपाचे जुडगे वर काढले. तळाची गाळणी मूळची पांढरी असते, ही चहाच्या फडक्यासारखी झाली होती. पेट्रोलला ताज्या पेट्रोलचा झणझणीत वास नव्हता, व्हार्निशसारखा जड वास होता. पंप सोडवून त्याच्या पेट्रोल बाहेर येणाऱ्या तोंडातून हवा फुंकली; ती अडायला हवी होती, ती सरळ आत गेली. रेग्युलेटरने हवा धरली. झडपेच्या इवल्याशा बैठकीवर तपकिरी चिकट थर जमला होता.

हा थर कशाने धरला हे काकांच्या सवयीत होते. गाडी गॅसवर चालते, पेट्रोल केवळ सुरू करण्यापुरते लागते, मग ते जास्त कशाला भरायचे, असा त्यांचा हिशेब होता. इंधनाचा दिवा लागला की दोनशे रुपयांचे पेट्रोल, म्हणजे दोन लिटरही नाही. आता टाकीतला पंप भोवतालच्या आणि आतून वाहणाऱ्या पेट्रोलनेच थंड राहतो. त्यातून या गाडीच्या किटची जोडणी अशी होती की इंजिन गॅसवर असतानाही पेट्रोलचा पंप चालूच राहत असे. फक्त इंजेक्टर बंद केले जात. म्हणजे तळाला गेलेले तेच दोन-तीन लिटर पेट्रोल, आठवड्यांमागून आठवडे, तापलेल्या पंपातून घुसळले जात होते. पेट्रोल जुने होऊन चिकट झाले यात नवल नाही. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर टप्प्याटप्प्याने आले, आणि हल्ली जुन्या गाडीच्या प्रत्येक दुखण्याचा ठपका त्याच्यावर ठेवण्याची रीत पडली आहे. इथेनॉल हवेतला ओलावा धरते हे खरे. पण या टाकीच्या तळाशी पाण्याचा वेगळा थर नव्हता, गंज नव्हता, आणि रबरी भाग फुगलेले नव्हते. माझा कौल सवयीच्या बाजूने आहे.

पुढे काय करायचे यावर काकांशी थोडी चर्चा झाली. ही झडप सुटी मिळत नाही; ती पंपाचाच भाग असते. पंपाच्या बाहेर पाइपात वेगळी एकेरी झडप बसवून शे-दोनशे रुपयांत भागवण्याची युक्ती बाजारात प्रसिद्ध आहे आणि काकांनीही ती कुणाकडून तरी ऐकली होती. मी ती करत नाही. तीन बार दाबाच्या पेट्रोलच्या वाटेवर दोन नवे जोड, तेही माणसे बसतात त्या सीटच्या खाली किंवा तापलेल्या इंजिनाशेजारी, एवढ्यासाठी घेण्याजोगी ती जोखीम नाही. पंप, गाळणी आणि टाकीच्या तोंडाची रबरी कडी नवी घातली, तळातले जुने पेट्रोल काढून टाकले आणि दहा लिटर ताजे भरायला लावले. हा सगळा खर्च आधीच्या बॅटरी आणि सेल्फच्या खर्चाहून कमीच झाला. काकांनी तो हिशेब माझ्यासमोरच मांडला आणि मी गप्प राहिलो. गॅसवर असताना पंप बंद ठेवणारा रिले (विजेवर चालणारा खटका) बसवण्याचाही विचार झाला. गॅस संपून गाडी पेट्रोलवर येते त्या क्षणी, दाब भरेपर्यंत, ती गचका खाते. उड्डाणपुलाच्या चढावर असा गचका काकांच्या वयाला नको, म्हणून तो बेत सोडला. त्याऐवजी टाकी पावच्या खाली जाऊ द्यायची नाही आणि आठवड्यातून दहा-बारा किलोमीटर पेट्रोलवर चालवायची, एवढे ठरले.

नव्या पंपाने गेजवर ३.१ बार दिले. तासाभराने काटा २.५ वर होता. मंगळवारी सकाळी काकूंचा फोन आला : एक सेकंद, पण सुरू झाल्यावर किंचित थरथरली. जुन्या पेट्रोलने इंजेक्टरच्या तोंडांशी राळ धरली असणार असे वाटून ते उतरवून साफ केले. दोन इंजेक्टरांचा फवारा खरोखरच वाकडा होता. त्यानंतर थरथर राहिली नाही.

ऑक्टोबरात गाडी सर्व्हिसिंगला आली तेव्हा मी आधी अर्थिंगचा आकडा घेतला, तो ०.०९ होता, आणि मग इंधनाचा काटा पाहिला, तो अर्ध्याच्या जरा खाली होता. काकूंची वही ड्रायव्हरशेजारच्या दाराच्या खणात होती. जुलैच्या त्या पानावर शेवटून दुसरी ओळ ‘१ से.’ अशी होती, आणि तिच्याखाली काकांच्या अक्षरात ‘मोजणे बंद’.